शब्द इंग्रजी होता, उत्तर मराठी होतं

श्रीमती सुलोचनाबाई गांगुर्डे यांच्या एकसष्टीनिमित्त गौरवग्रंथ निघतो आहे, त्यात आपला लेख हवा, असं सत्कार समितीचं पत्र आलं. पत्र टाईप केलेलं होतं, पण शेवटी संपादकांनी स्वतःच्या हातानं एक ओळ जोडली होती. ‘लेख कृपया सौम्य असावा.’ संपादक मला चांगले ओळखतात. माझं डोकं लवकर तापतं, हे सातपूरला कुणालाही विचारा. तरी प्रयत्न करतो. पण बाईंवर लिहायचं आणि सौम्य लिहायचं, म्हणजे ठेचा वाटायचा आणि तिखट लागता कामा नये म्हणायचं. जमेल तेवढं जमेल.

बाईंची पहिली ओळख सांगायची तर मला त्यांचा भयंकर राग आला होता, इथूनच सुरुवात करावी लागेल. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. मी पिंपळगाव बसवंतचा, आयटीआय पास झालेला, सातपूरच्या एका कारखान्यात, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपला नव्यानं लागलो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तो चालू आहे आणि मी अजून तिथंच रोज सकाळी कार्ड पंच करतो. नेमणुकीचा कागद घ्यायला आम्हाला ऑफिसात बोलावलं होतं. सुलोचनाबाई मोठ्या साहेबांच्या स्टेनो. इस्त्रीची सुती साडी, हातात पेन्सिल, आणि समोरच्या माणसाकडं सरळ बघायची सवय. मी ऐटीत कागद पुढं ओढला आणि सही करणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “वाचलंत का?”

“वाचलं की.”

“मग प्रोबेशन किती महिन्यांचं लिहिलंय, सांगा बरं?”

मला प्रोबेशन हे खायचं की प्यायचं तेच माहीत नव्हतं. मागं सात-आठ जणांची रांग. माझे कान तापले. बाईंनी कागद माझ्या हातातून घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मराठीत सांगितला, तोही मागच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. टाइम ऑफिसचा कारकून कुरकुरला, “बाई, एकेकाला असं सांगत बसलात तर संध्याकाळ होईल.” बाई म्हणाल्या, “होऊ द्या. जन्माची नोकरी लागतेय यांना, एक संध्याकाळ गेली तर काय बिघडलं?”

मी मनात म्हटलं, लय शहाणी लागून गेली! चारचौघांत माझी शोभा केली! हे छापायला देतोय, कारण पुढं मी बाईंना ते तोंडावर सांगितलं आणि त्या पोट धरून हसल्या. एक गोष्ट मात्र त्या दिवशी घरी गेल्यावर लक्षात आली. त्यांनी मला अहो-जाहो केलं होतं. कारखान्यात आम्हाला हाक असायची ती ‘ए’ किंवा ‘ए प्रेसवाला’. बाईंनी झाडूवाल्यापासून फोरमनपर्यंत कुणालाही कधी अरे-तुरे केलं नाही, आणि साहेबांपुढंही कधी आवाज बारीक केला नाही.

त्या काळाची आज ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या कारखान्यात कामगार सगळे मराठी. निफाड, दिंडोरी, सिन्नर, हरसूलकडचे. आणि कागद सगळे इंग्रजी. नोटीस इंग्रजीत, मशीनवरची सूचना इंग्रजीत, मुतारीवरची पाटीसुद्धा इंग्रजीत. रजेचा अर्जही इंग्रजीत लागायचा. कुणीतरी कधीतरी एक नमुना लिहून आणला होता, ‘मला ताप आल्यामुळे’ असं इंग्रजी वाक्य असलेला. तो हातोहात फिरायचा आणि जो तो तोच उतरवून काढायचा. बहिणीचं लग्न असो, कांदे काढायचे असोत, बायको बाळंत होवो, अर्जात ताप. एकदा लग्नसराईत आमच्या खात्यातल्या एवढ्या जणांना एकदम ताप आला की साहेबांनी कारखान्यात औषध फवारायचा हुकूम काढला. आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. “यात हसण्यासारखं काय आहे?” त्या म्हणाल्या. “बहिणीच्या लग्नाला जायचं म्हणून खोटं बोलावं लागतंय तुम्हाला, आणि तेही कळत नाही अशा भाषेत.”

आता मूळ गोष्टीवर येतो.

मी लागून दुसरं वर्ष होतं. माझी पहिली पाळी. पॉवर प्रेसला पुढून एक लोखंडी जाळी असते, कामगाराचा हात डायखाली, म्हणजे वरून दाबणाऱ्या साच्याखाली, जाऊ नये म्हणून. तिला आम्ही गार्ड म्हणतो. एक दिवस मी पाळी संपवून घरी गेलो आणि दुसऱ्या पाळीत माझ्याच प्रेसवर, माझ्या जागी काम करणाऱ्या रामभाऊंची दोन बोटं पेरापासून गेली. गार्ड जागेवर नव्हता. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात चार्जशीट पडली. काम उरकावं म्हणून मी गार्ड काढला आणि तसाच टाकून गेलो, असा आरोप. मला घरी बसवलं.

नोकरी जाणार याची भीती होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की रामभाऊंची बोटं माझ्यामुळं गेली असं कायमचं कागदावर राहणार होतं. मी त्यांना बघायला सिव्हिलला गेलो तर त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यांच्या घरचे माझ्याशी बोलेनात. मी गार्डला हात लावला नव्हता हो! पण सांगणार कुणाला?

चौकशीला मुंबईहून एक वकील आले. त्यांना मराठी कळत असावं, पण बोलत नव्हते. टेबलाच्या एका बाजूला ते, शेजारी आमच्या पर्सनल खात्याचे साहेब, समोर मी, आणि कडेला वही-पेन्सिल घेऊन बाई. वकिलांनी सुरुवातीलाच विचारलं, इंग्रजी येतं का? मी म्हणालो, “येस सर.”

का म्हणालो? लाज! दुसरं काय? आयटीआयचं सर्टिफिकेट खिशात, अंगात नवा बुशशर्ट, आणि त्या थंडगार खोलीत म्हणायचं की मला इंग्रजी येत नाही? जीभ वळली नाही. आज मला त्या पोराच्या कानाखाली द्यावीशी वाटते. पण तो पोरगा एकटा नव्हता, तेव्हाचं अर्धं सातपूर तसंच होतं, आणि आजचं कमी आहे असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं.

मग इकडचे तिकडचे प्रश्न झाले. मी अंदाजानं मान हलवत होतो. शेवटी वकिलांनी विचारलं, “डिड यू नॉट रिमूव्ह द गार्ड?”

मला तीनच शब्द कळले. यू, नॉट आणि गार्ड. नॉट म्हणजे नाही, हे शाळेत शिकलो होतो. म्हणजे साहेब विचारतात, तू गार्ड काढला नाहीस ना? आता आपल्याकडं असं विचारल्यावर माणूस काय म्हणतो? घरी असतो तर ‘व्हय’ म्हणालो असतो. व्हय, नाही काढला. तिथं ते ‘येस सर’ झालं. वकिलांनी पुन्हा विचारलं, “येस?” मला वाटलं, झालं, साहेबांना पटलं. मी जोरात म्हणालो, “येस सर, येस!”

वकिलांनी बाईंकडं न बघताच सांगितलं, लिहा, कबूल करतो.

म्हणजे बघा, माझं पहिलं ‘येस’ धडधडीत खोटं होतं आणि दुसरं अगदी खरं. त्यांनी दोन्हींचा अर्थ उलटा घेतला. आणि मी खुर्चीत खूश होऊन बसलो होतो! मला पत्ताच नव्हता की आपण आपल्याच हातानं गळा कापून घेतला.

बाईंची पेन्सिल थांबली. त्या म्हणाल्या, “सर, हे मी असं लिहू शकत नाही.” हे त्या इंग्रजीत म्हणाल्या, आणि ते इंग्रजी वकिलांच्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ होतं, एवढं माझ्यासारख्यालाही समजलं. पुढचं सगळं बोलणं मला बाईंनीच नंतर उलगडून सांगितलं.

वकील म्हणाले, “ऐकलेलं लिहिणं एवढंच स्टेनोचं काम असतं.”

“तेच करतेय. हे ‘हो’ म्हणाले.”

“तो येस म्हणाला.”

“शब्द इंग्रजी होता. उत्तर मराठी होतं.”

वकिलांना काही कळेना. बाईंनी मान वळवली आणि पर्सनलच्या साहेबांना एकदम मराठीत विचारलं, “साहेब, आज तुम्ही डबा आणला नाही ना?”

साहेब गडबडले. “हो. का?”

“म्हणजे आणलात?”

“अहो, नाही आणला म्हणून तर हो म्हटलं!”

“मग मी काय टाईप करू?” बाई म्हणाल्या. “साहेबांनी डबा आणल्याचं कबूल केलं, असं?”

पर्सनलच्या साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. चांगले शिकलेसवरलेले, घरी इंग्रजी पेपर येणारे, पण जीभ शेवटी नाशिकचीच. बाई माझ्याकडं वळल्या. “काशिनाथ, इंग्रजी सोडा. सरळ सांगा. गार्ड तुम्ही काढलात?”

“नाय बाई! आईची आन! मी सुटलो तवा गार्ड जागंवर व्हता!” लाज, बुशशर्ट, सगळं बाजूला राहिलं आणि माझी पिंपळगावची बोली बाहेर पडली. आणि मग मला रडू फुटलं. पंचवीस वर्षांचा घोडा, तीन माणसांसमोर हुंदके देत बसलो. सांगायला आता कसली लाज!

वकील रागावले. हे सगळं नियमाला सोडून आहे म्हणाले आणि चौकशी तहकूब केली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका टायपिस्टकडून कागद तयार झाला. त्यात ‘कबूल करतो’ तसंच होतं. फक्त खाली ‘खरी नोंद’ म्हणून सही बाईंची लागणार होती, कारण वहीत नोंद त्यांनी केली होती. बाईंनी सही केली नाही. मोठ्या साहेबांनी तीनदा केबिनमध्ये बोलावलं, तिन्ही वेळा नाही म्हणाल्या. बाईंचे यजमान आधीच गेले होते, घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं. साहेब म्हणाले, “तुमची मुलगी कॉलेजात आहे ना? नीट विचार करा.” बाईंनी उत्तर दिलं, “तिलाच विचारून आलेय.”

बाईंच्या सहीशिवाय तो कागद चालेना, म्हणून महिन्याभरानं चौकशी पुन्हा पहिल्यापासून झाली, या वेळी मराठीत. मेंटेनन्सच्या फिटरनं सरळ सांगितलं की माझी पाळी सुटल्यावर, काम जोरात निघावं म्हणून फोरमननं त्याला गार्ड काढायला लावला होता. हे सांगायला त्याला महिनाभर कुणी विचारलंच नव्हतं, कारण त्यालाही इंग्रजी येत नव्हतं. मी कामावर परत आलो. रामभाऊंनी पट्टी बांधलेल्या हातानंच माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाले, “चहा पाज.” फोरमनचं काय झालं विचारू नका. संपादकांना सौम्य लेख हवाय.

बाईंचं मात्र व्हायचं ते झालं. मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेरची खुर्ची गेली. त्यांना माल रवाना करायच्या शेडमध्ये टाकलं, पत्र्याखाली, पेट्यांवरच्या चिठ्ठ्या टाईप करायला. मिनिटाला एवढे आणि तेवढे शब्द लिहिणाऱ्या, जिल्ह्यात नावाजलेल्या स्टेनो! चैत्रात तिथं टाइपरायटरला हात लावला तर चटका बसायचा. मी एकदा तिथं जाऊन तावातावानं बोललो, युनियनमध्ये आवाज उठवू म्हणालो. बाई म्हणाल्या, “आवाज नंतर उठवा. आधी ती पेटी उचला, उलटी ठेवलीय.”

आणि पेटी खरंच उलटी होती. पेटीवर इंग्रजीत लिहिलेलं, ही बाजू वर. पण चढवणारे गडी आमचेच, त्यांना ते काय कळणार? परदेशी जाणारा माल इथल्या इथंच फुटायचा आणि ठपका मात्र पलीकडच्या बंदरावर. बाईंनी कुणालाही न विचारता इंग्रजी चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी डकवायला सुरुवात केली. ‘ही बाजू वर.’ साहेब ओरडले, आफ्रिकेत कोण मराठी वाचणार आहे? बाई म्हणाल्या, “आफ्रिकेत पोचल्यावर फाडून टाकू द्या. इथं चढवताना वाचली म्हणजे झालं.” तोडफोड थांबली. चिठ्ठ्या राहिल्या. आमच्या कारखान्याची मराठी अक्षरं अशी समुद्रापार गेली आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. पुढं मशीनवरच्या सूचनाही बाईंनीच मराठीत लिहिल्या. त्यात संस्कृत कोंबलेलं नव्हतं. ‘हात घालण्याआधी मशीन बंद करा.’ गार्डला गार्डच म्हटलं, डायला डाय.

एवढं वाचून कुणाला वाटेल, बाई इंग्रजीच्या वैरी. तसं समजून शहरातल्या एका वाचनालयानं त्यांना मराठीवरच्या परिसंवादाला बोलावलं होतं. आधीच्या वक्त्यांनी इंग्रजीला गुलामीची भाषा म्हणून यथेच्छ झोडपलं, टाळ्या घेतल्या. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझ्या वस्तीतल्या माणसाला ज्या भाषेनं पहिल्यांदा टेबलासमोरच्या खुर्चीवर बसवलं, तिला मी शिव्या देणार नाही. तुमच्या शुद्ध मराठीनं आम्हाला बरीच वर्षं दारातच उभं ठेवलं होतं.” मग म्हणाल्या, “पण इंग्रजी येत नाही म्हणून कुणी माणसाला खोटा ठरवणार असेल, तर त्याच्याशीही मी भांडणार.” चहाला त्यांच्याशी फारसं कुणी बोललं नाही. परत येताना सायकल हातात धरून मी शेजारून चालत होतो. म्हणालो, “बाई, दोन्हीकडची माणसं तोडलीत.” त्या म्हणाल्या, “मधे बरीच उरलीत हो. ती पुरे आहेत.”

त्या मधल्या माणसांसाठी बाईंनी रविवार सकाळचा वर्ग काढला, त्यांच्या वस्तीतल्या समाजमंदिरात. वर्ग इंग्रजीचा. पण पहिला धडा एबीसीडीचा नसायचा. पहिला धडा एक वाक्य. मला समजलं नाही, कृपया मराठीत सांगा, हे इंग्रजीत. ते प्रत्येकानं उभं राहून, मान वर करून, ओरडून म्हणायचं. मीही म्हटलं. पहिल्यांदा खाली बघून म्हटलं, तर बाईंनी पुन्हा म्हणायला लावलं. आमच्या पॅकिंगच्या एक मावशी होत्या, अंगठाबहाद्दर. त्यांनी ते वाक्य बँकेतल्या साहेबाला असं काही ठणकावलं की साहेबानं उठून त्यांचा फॉर्म स्वतः भरून दिला. मावशी आठ दिवस तेच सांगत हिंडत होत्या. मला त्या वर्गानं पुढं बी. ए.पर्यंत नेलं. आज मी इंग्रजी वाचतो, लिहितो, युनियनची पत्रं स्वतः करतो आणि जिथं कळत नाही तिथं ‘कळलं नाही’ म्हणतो. हे शेवटचं शिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

माझी मुलगी शाळेत घालायची झाली तेव्हा इंदिरानगरला इंग्रजी शाळा निघाल्या होत्या. शेजारीपाजारी सगळे तिकडं धावत होते. एका शाळेत मुलाखत आईवडिलांचीच. आमच्या मंडळींना शाळेतल्या एका शिक्षिकेनं इंग्रजीत नाव विचारलं, तर त्या पदराचं टोक चावत गप्प. मी तिथंच भडकलो, फॉर्म टेबलावर आपटून आलो आणि घरी येऊन म्हणालो, आता घालतोच तिला तिथं, बघतो कशी घेत नाहीत! तशाच तिरमिरीत बाईंकडं गेलो. बाईंनी आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, “घाला किंवा घालू नका, पोर तुमची आहे. फक्त लाजेपोटी घालू नका. लाजेपोटी तुम्ही एकदा येस म्हटलंय.” मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत गेली. रविवारी बाईंच्या वर्गाला जाते. आमच्या मंडळीही जातात, आणि मुलीच्या आधी त्यांचा गृहपाठ होतो.

असं खूप लिहिता येईल. पण आता जे लिहायचं आहे ते मी मनानं लिहीत नाही, बाईंच्या हुकमावरून लिहितो आहे.

या लेखाची परवानगी घ्यायला मी गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो. त्या निवृत्त झाल्यात, गुडघे दुखतात, पण बसणं तसंच ताठ. मी म्हणालो, त्या चौकशीवर लिहितोय, तुम्ही माझ्यासाठी खुर्चीवर पाणी सोडलंत ते लोकांना कळू दे. बाईंनी मला आधी खाली बसवलं. मग म्हणाल्या, “तुमच्या आधी एक होते.”

“कोण?”

“सोमनाथ महाले. हरसूलकडचे. तुम्ही लागायच्या आदल्या वर्षी. कामावर झोपले असा आरोप होता. त्यांनाही तसंच विचारलं, झोपला नाहीस का? ते येस सर म्हणाले. काशिनाथ, ते मानेनं नाही नाही करत होते आणि तोंडानं येस म्हणत होते. मला तेव्हाच कळलं होतं.”

“मग?”

“मग काय! टाईप केलं. तीन कार्बन घालून. हे नुकते गेले होते, मुलगी दहावीत, मी घाबरले. खाली सहीसुद्धा केली. त्यांना काढून टाकलं. कागद मीच त्यांच्या हातात दिला, तर मला थँक्यू म्हणाले.”

बाई सांगत होत्या. शेडमध्ये बदली झाल्यावर त्या सुट्टी काढून हरसूलच्या बाजाराला जायच्या, एकदा नाही, कितीतरी वेळा. विचारत विचारत घर सापडलं. घराला कुलूप होतं. कुणी म्हणालं वापीला गेले, कुणी म्हणालं सुरतेला. दोन्हीकडं जाऊन आल्या. पत्ता लागला नाही.

“हे लिहिणार असाल तर लेख द्या,” बाई म्हणाल्या. “नाहीतर देऊ नका. मला ओवाळायचं आणि त्यांना गाळायचं, हे मला चालायचं नाही.”

मी भांडलो. खरंच भांडलो. म्हणालो, बाई, गौरवग्रंथात असलं कुणी लिहितं का? लोक काय म्हणतील? एका चुकीसाठी तुम्ही आयुष्यभर राबलात, ते पुरे नाही का? बाई म्हणाल्या, “मला पुरे असेल. त्यांना कुठं माहीत आहे?”

म्हणून लिहिलं. संपादकांना हा भाग सौम्य वाटला नाही तर त्यांनी अख्खा लेख परत पाठवावा, अर्धा छापू नये. आणि कुणाला वाटत असेल की यानं बाईंची उंची कमी झाली, तर त्यानं माझ्यासमोर येऊन तसं म्हणून दाखवावं. स्वतःच्या सत्काराच्या पुस्तकात स्वतःची चूक छापून घेणारं दुसरं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. चूक करणारे ढिगानं पाहिले, त्यांचे सत्कारही पाहिले.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. मी चिंततो, पण मोघम नाही. सोमनाथ महाले यांची आणि बाईंची गाठ पडेपर्यंत बाईंना काहीएक होता कामा नये. त्यांचे गुडघे हरसूलचा चढ चढण्याइतके बरे राहोत, नजर चेहरा ओळखण्याइतकी राहो, आणि त्या भेटीनंतरही त्यांना आमच्याशी भांडायला पुष्कळ वर्षं मिळोत. आणि हे पुस्तक ज्यांच्या हाती जाईल त्यांना हात जोडून विनंती आहे. हरसूल, पेठ, वापी, सुरत, कुठंही सोमनाथ महाले नावाचे गृहस्थ भेटले, तर त्यांना एवढं सांगा: सोमनाथराव, तुमचं उत्तर बरोबर होतं. ज्यांनी ते टाईप केलं त्यांना ते तेव्हाच कळलं होतं, आणि त्या नाशिकला तुमची वाट बघताहेत.